२४ जणांसाठी बेक्ड स्लॉपी जो स्लायडर: खिमा, पाव आणि पाण्याचा हिशोब

अमेरिकेत नव्याने आलेल्या घराला पहिल्याच पॉटलकचा (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचा) निरोप येतो आणि यादीत आपल्या नावापुढे कोणीतरी ‘स्लायडर’ लिहून मोकळं होतं. सुपर बोलची पार्टी, फुटबॉलच्या मोसमातलं टेलगेट (सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीमागे जमणारी जेवणाची पार्टी), ४ जुलैचं पिकनिक, मुलांच्या टीमचं जेवण, सगळीकडे हा पदार्थ चालतो. कारण उघड आहे: एका ट्रेमध्ये १२ होतात, काटे-चमचे लागत नाहीत, आणि चार वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे खातात.

स्लॉपी जो म्हणजे टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमधला सुटा खिमा, पावात भरलेला. मूळ मिडवेस्टचं; १९३० च्या सुमारास आयोवातल्या सू सिटीत एका स्वयंपाक्याने सुट्या खिम्याच्या सँडविचमध्ये टोमॅटो सॉस घातला आणि तिथून हा प्रकार निघाला, असं सांगितलं जातं. १९६९ मध्ये हंट्स कंपनीने ‘मॅनविच’ नावाचा डबाबंद सॉस बाजारात आणला आणि तो घरोघरी पोहोचला. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तिथल्या, विशेषतः उत्तर भागातल्या, डेलीत (सँडविचच्या दुकानात) ‘स्लॉपी जो’ मागितलात तर हातात थंडगार, तीन थरांचं, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग घातलेलं सँडविच येईल. ते वेगळं प्रकरण. यजमान तिथलेच असतील तर ‘गरम खिम्याचे’ असं आधी बोलून घ्या.

स्लायडर म्हणजे याची छोटी आवृत्ती. बेक्ड प्रकारात पाव सुटे न करता अख्खी लादी आडवी कापायची, मध्ये खिमा आणि चीज भरायचं, वर लोणी लावून ओव्हनमध्ये घालायचं. ऐकायला सोपं आहे आणि आहेही, पण दहातले आठ ट्रे एकाच कारणाने बिघडतात: खालचा पाव ओला होऊन बसतो, उचलला की खिमा ताटलीत आणि पाव बोटांना. म्हणून खाली प्रत्येक पायरीवर पाण्याचा बंदोबस्त कसा करायचा तेच जास्त सांगितलं आहे.

१. आधी माणसं मोजा

टेबलावर इतरही पदार्थ असतील तर मोठ्या माणसाला २ धरा, लहान मुलाला १. स्लायडर हेच मुख्य जेवण असेल तर मोठ्याला ३. कॉलेजमधली मुलं येणार असतील तर ४ धरा आणि गप्प बसा.

२४ माणसांच्या पॉटलकला ४८ स्लायडर, म्हणजे १२ पावांच्या ४ लाद्या. पुढची सगळी मापं या ४८ ची आहेत. एका पावाला साधारण पाव कप, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास तयार खिमा लागतो. एका लादीला ३ कप. हे माप जपा. जास्त भरलं की कडेने बाहेर येतं आणि वरचा पाव घसरतो.

शाकाहारी किती आहेत ते आधीच विचारा. मराठी मंडळी जमणार असतील तर ४ लाद्यांपैकी किमान १ शाकाहारी ठेवा, बहुधा २ लागतील. आणि शाकाहारी ट्रे मांसाहारी लोकही उचलतात, हे गृहीत धरूनच आकडा ठरवा.

२. सामान

खिम्यासाठी:

- खिमा ५ पौंड (सुमारे २.२५ किलो)
- मध्यम कांदे ४, अगदी बारीक चिरून
- मोठ्या हिरव्या ढोबळी मिरच्या २, तितक्याच बारीक
- लसूण ८ पाकळ्या
- डबाबंद टोमॅटो सॉस ८ औंसाचे ३ डबे
- टोमॅटो पेस्ट ६ औंसाचा १ डबा
- केचप दीड कप
- वूस्टरशर सॉस पाव कप
- पिवळी मस्टर्ड ३ टेबलस्पून
- ब्राउन शुगर ३ टेबलस्पून
- अॅपल सायडर व्हिनेगर २ टेबलस्पून
- अमेरिकन चिली पावडर २ टेबलस्पून
- स्मोक्ड पॅप्रिका १ टेबलस्पून
- मिरपूड २ टीस्पून
- मीठ आधी २ टीस्पून, बाकी चव बघून

पावासाठी:

- १२ पावांची ४ पाकिटं
- चीजचे ४८ स्लाइस
- मीठ असलेलं लोणी २ स्टिक (एक स्टिक ११३ ग्रॅम)
- गार्लिक पावडर २ टीस्पून
- वर भुरभुरायला तीळ किंवा खसखस

भांडी: जाड बुडाची मोठी पातेली किंवा कढया २, ९ बाय १३ इंचांचे ४ ट्रे, अॅल्युमिनियम फॉइल, दातेरी सुरी आणि मांसात टोचायचा थर्मामीटर. थर्मामीटर १५ डॉलरच्या आत मिळतो. घ्याच.

आता दुकानात फसायच्या जागा.

*टोमॅटो सॉस.* आपण ज्याला टोमॅटो सॉस म्हणतो ते इथे केचप. इथल्या डब्यावर ‘टोमॅटो सॉस’ लिहिलेलं असतं ते शिजवून गाळलेल्या टोमॅटोचा पातळसर रस, त्यात साखर नाही, आंबटपणा आहे. दोन्ही लागतात. सगळीकडे केचपच ओतलंत तर खिमा गुळचट होईल.

*चिली पावडर.* ही आपलं लाल तिखट नव्हे. इथल्या चिली पावडरमध्ये सौम्य मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो, लसूण मिसळलेला असतो. डब्यातलं घरचं तिखट २ टेबलस्पून घालून बसलात तर मुलांच्या टीमच्या जेवणाचा निकाल लागेल. चिली पावडर नसेल तर १ टीस्पून काश्मिरी तिखट, १ टेबलस्पून जिरेपूड आणि अर्धा टीस्पून ओरेगॅनो एवढ्यावर भागतं.

*पाव.* सगळ्यात जास्त वापरले जातात ते किंग्ज हवाईयन कंपनीचे गोड रोल. ही कंपनी १९५० मध्ये हवाईतल्या हिलो गावात बेकरी म्हणून सुरू झाली. लादीतले १२ पाव एकमेकांना चिकटलेलेच असतात, त्यामुळे आडवे कापायला सोपे. पण त्यात दूध आणि अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी दुसरे डिनर रोल घ्या आणि पाकिटावरची यादी वाचा. इंडियन स्टोअरमधला लादी पाव उत्तम चालतो. तो गोड नसतो, तेव्हा त्या ट्रेच्या खिम्यात थोडी साखर वाढवली तरी हरकत नाही. हवाईयन रोल घेतलेत तर उलट, वरच्या यादीतली साखर आहे तेवढीच ठेवा. बऱ्याच अमेरिकन पाककृतींत याच्या दुप्पट साखर असते; ती साध्या बर्गरच्या पावासाठी ठीक, या पावात ती गोडावर गोड होते.

*चीज.* प्रोव्होलोन, चेडर, अमेरिकन, यांपैकी काहीही, पण स्लाइस घ्या. पाकिटातल्या किसलेल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून सेल्युलोज किंवा स्टार्च लावलेला असतो. ते एकसंध वितळत नाही आणि पावाला सलग आच्छादन देत नाही. इथे चीजचं मुख्य काम चवीचं नाही, पाणी अडवायचं आहे.

३. खिमा कोणता घ्यायचा

मूळ पदार्थ बीफचा. पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असे आकडे असतात. दुसरा आकडा चरबीचा टक्का. ८०/२० चवदार आणि स्वस्त, पण परतल्यावर बरीच चरबी सुटते, ती काढावी लागते. ८५/१५ घेतलात तर त्रास कमी आणि चव तीच. ९३/७ या पदार्थात कोरडा लागतो.

बीफ न खाणारे पाहुणे असतील, आणि आपल्यात असतातच, तर सरळ सगळे ट्रे टर्कीचे किंवा चिकनचे करा. एक बीफचा आणि एक टर्कीचा असं केलंत तर शिजल्यावर दोन्ही दिसायला सारखेच, ट्रेसमोरची नावाची चिठ्ठी पडली की गोंधळ. टर्की ९३/७ घ्या. फक्त छातीच्या मांसाची ९९ टक्के बिनचरबीची मिळते, ती रबरासारखी चिवट होते. टर्कीला पाणी जास्त सुटतं. यावर उपाय: एका पौंडाला पाव टीस्पून खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून खिम्याला चोळा आणि १५ मिनिटं ठेवा. मांस रस धरून ठेवतं आणि तांबूसही लवकर होतं. सोडा मापानेच घाला, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

४. परतणं: दोन पातेली, घाई नाही

५ पौंड खिमा एका पातेल्यात कोंबला की त्याला पाणी सुटतं, ते उडायला जागा मिळत नाही आणि खिमा परतण्याऐवजी उकडतो. राखाडी रंगाचा, बेचव. म्हणून दोन पातेल्यांत, किंवा एकाच पातेल्यात दोन हप्त्यांत करा.

पातेलं चांगलं तापू द्या. बीफला तेल नको. टर्कीला १ टेबलस्पून घाला. खिमा पसरा आणि ३-४ मिनिटं हात लावू नका. खालची बाजू तपकिरी झाली, की मगच उलथन्याने मोडायला सुरुवात करा. दाणे शेंगदाण्यापेक्षा मोठे राहता कामा नयेत, मोठे गोळे छोट्या पावातून निसटतात. पावभाजीचं मॅशर हाताशी असेल तर हे काम दोन मिनिटांत होतं.

सुटलेलं पाणी पूर्ण आटून तेल चरचरायला लागलं, की आच कमी करा. आवाज बदलतो, तो ऐका: पाणी असतं तोवर खदखद, ते संपलं की चरचर. मग चरबी काढा. पातेलं तिरपं करून चमच्याने रिकाम्या डब्यात काढायची, सिंकमध्ये ओतायची नाही. गार झाली की ती पाइपमध्ये थिजते, आणि अपार्टमेंटमध्ये ते प्रकरण खालच्या मजल्यापर्यंत जातं. चवीपुरती टेबलस्पूनभर मागे राहू द्या.

आता कांदा आणि ढोबळी मिरची. मऊ होऊन त्यांचंही पाणी उडेपर्यंत ८-१० मिनिटं परता. ढोबळी मिरचीत भरपूर पाणी असतं. ती अर्धीकच्ची राहिली तर ते पाणी नंतर ओव्हनमध्ये, पावावर सुटतं. शेवटच्या मिनिटाला लसूण.

५. सॉस आटवणं

टोमॅटो पेस्ट आधी घाला आणि तिचा रंग विटकरी होईपर्यंत दोन मिनिटं परता. कच्ची पेस्ट डब्याची चव देते. मग कोरडे मसाले अर्धा मिनिट, आणि त्यानंतर टोमॅटो सॉस, केचप, मस्टर्ड, वूस्टरशर, साखर. वेगळं पाणी अजिबात नाही. डबे विसळून ते पाणी ओतायची आपली सवय इथे आवरा.

मंद आचेवर, झाकण न ठेवता, २५ ते ३० मिनिटं. दर थोड्या वेळाने बुडापासून ढवळा, साखरेमुळे लागायला वेळ लागत नाही. झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. उलथन्याने पातेल्याच्या मधोमध एक रेघ ओढा: तळ दिसला आणि दोन-तीन सेकंद तसाच राहिला तर झालं, रेघेत लगेच सॉस धावत आला तर अजून पाच-सात मिनिटं. घट्टपणा पावभाजीपेक्षा जास्त, कोरड्या खिम्यापेक्षा कमी. बर्गरच्या पावात खायचा स्लॉपी जो याहून सैल असतो, पण तो लगेच खायचा असतो. हा २० मिनिटं ओव्हनमध्ये आणि पुढे अर्धा तास टेबलावर राहणार आहे.

व्हिनेगर शेवटी, आच बंद केल्यावर. मीठही आता बघा, कारण आटल्यावर खारटपणा वाढतो आणि वर चीज आणि खारं लोणी येणार आहेच.

माणसं दुप्पट झाली म्हणून द्रव पदार्थ दुप्पट करू नका. मोठ्या पातेल्यात उंची वाढते तितकं तोंड वाढत नाही, त्यामुळे पाणी हळू आटतं. १० पौंडांच्या वर जात असाल तर टोमॅटो सॉस पाऊणपटच घ्या, कमी वाटला तर नंतर घालता येतो.

मॅनविच वापरायचा असेल तर १ पौंड खिम्याला १५ औंसाचा एक डबा. वेळ वाचतो, चव सगळ्यांच्या ओळखीची असते, यात कमीपणा काही नाही. फक्त बेक करण्यासाठी तो पातळ पडतो. दर डब्याला १ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट घालून १० मिनिटं आटवा.

६. शाकाहारी ट्रे

एका लादीला १ कप अख्खा मसूर. कुकरला लावू नका, शिट्टी एक जास्त झाली की आमटी होते. उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात २०-२५ मिनिटं शिजवा. दाणा बोटाने दाबला जावा, पण अख्खा राहावा. चाळणीत निथळा आणि पाच मिनिटं तसाच पसरून ठेवा. ८ औंस मशरूम बारीक चिरून, पाणी पूर्ण उडेपर्यंत आधी वेगळे परता, म्हणजे खिम्याचा चावा येतो. मशरूम नको असतील तर अर्धा कप सोया ग्रॅन्यूल्स गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या. सॉस वरच्या मापाच्या पाव भागाने.

इथे तीन अडचणी लपलेल्या आहेत, आणि पॉटलकमध्ये शाकाहारी माणूस यांतच फसतो.

पहिली, वूस्टरशर सॉस. नेहमीच्या बाटलीत अँचोव्ही मासे असतात. शाकाहारी किंवा व्हीगन असं लिहिलेली बाटली मिळते. नसेल तर १ टेबलस्पूनऐवजी २ टीस्पून सोया सॉस, अर्धा टीस्पून व्हिनेगर आणि चिमूटभर चिंचेचा कोळ. चिंच मूळ सॉसमध्येही असतेच. वर लावायच्या लोण्यात वूस्टरशर घालण्याची पद्धत आहे, तिथेही हे विसरू नका.

दुसरी, चीज. काही चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेट (दूध फाडणारं एन्झाइम) असतं. यादीत ‘मायक्रोबियल एन्झाइम्स’ किंवा ‘व्हेजिटेबल रेनेट’ लिहिलेलं असेल तर निःशंक घ्या; नुसतं ‘एन्झाइम्स’ असेल तर कळायला मार्ग नाही. तिसरी पावातल्या अंड्याची, ती वर आलीच.

हा ट्रे वेगळ्या उलथन्याने, वेगळ्या सुरीने. ओव्हनमध्ये वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे मांसाच्या ट्रेमधलं काही त्यात ओघळणार नाही.

७. पाव कापणं आणि शेकणं

लादी न तोडता अख्खी आडवी कापायची. पाव ताजे आणि मऊ असले की सुरी भरकटते. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवले तर सरळ कापले जातात. लादी फळीवर सपाट ठेवा, वर तळहात हलका टेकवा आणि दातेरी सुरी करवतीसारखी चालवा, दाबू नका. खालचा भाग किंचित जाड ठेवा, सगळा भार त्याच्यावर आहे.

ओव्हन ३५० डिग्री फॅरनहाइटवर लावा. त्याआधी आतले तवे, कढया, पोळ्यांचा डबा बाहेर काढा! भारतीय घरातला ओव्हन हे कपाट असतं, हे पाहुण्यांसमोर प्लॅस्टिकच्या वासाने जाहीर व्हायला नको. ‘प्रीहीट’ची घंटा वाजली तरी आणखी ५-१० मिनिटं थांबा, कारण हवा तापली तरी भिंती तापलेल्या नसतात. कन्व्हेक्शन पंखा लावत असाल तर ३२५.

ट्रेला हलकं तेल लावा. खालच्या लादीच्या कापलेल्या बाजूला एका लादीमागे १ टेबलस्पून वितळलेलं लोणी ब्रशने लावा आणि ती बाजू वर ठेवून ५ मिनिटं शेका, कडा जरा सोनेरी होईतो. ही पायरी गाळायचा मोह होतो, गाळू नका. शेकलेला पृष्ठभाग आणि लोण्याचा थर मिळून रस आत शिरू देत नाहीत.

ट्रे लादीपेक्षा मोठा असेल आणि बाजूला जागा उरत असेल, तर फॉइलची जाड घडी करून ती पट्टी तिथे खोचा. मोकळ्या कडेचे पाव फुगून बाहेर कलतात आणि खिमा तिकडेच जातो.

८. रचना

क्रम असा: खालची शेकलेली लादी, चीजचे ६ स्लाइस किंचित एकमेकांवर चढवून, ३ कप खिमा, पुन्हा ६ स्लाइस, वरची लादी.

खिमा वाफाळता नको, पण गारही नको. आच बंद केल्यावर १० मिनिटं थांबून भरा. पसरताना कडेने अर्धा इंच जागा सोडा. पातेल्याच्या तळाशी रस साठला असेल तर झाऱ्याने भरा, डावाने नाही.

वर लावायला एका लादीमागे ३ टेबलस्पून लोणी वितळवून त्यात अर्धा टीस्पून गार्लिक पावडर. ब्रशने, सगळीकडे, पाव जिथे जोडलेले आहेत त्या खाचांतही, पण तळं होईल इतकं नाही. उरलं तर मागे ठेवा. लगेच तीळ किंवा खसखस भुरभुरा. लोणी थिजल्यावर टाकलेले तीळ कापताना सगळे उडून जातात.

भरलेला ट्रे थांबत नाही. आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवायचा विचार डोक्यातून काढा. खिमा आदल्या दिवशी, पाव त्याच दिवशी, भरणं भाजायच्या अगदी आधी.

९. भाजणं

फॉइलने झाकून १५ मिनिटं, मग उघडून ५ ते ७ मिनिटं. गोड पावात साखर असल्यामुळे वरचा भाग चटकन करपतो, म्हणून आधी झाकण. फॉइल पावाला टेकली तर काढताना पापुद्रा निघतो. मधोमध दोन-तीन टूथपिक टोचून तंबूसारखी वर धरा.

बऱ्याच घरगुती ओव्हनमध्ये एका फळीवर ९ बाय १३ चे दोन ट्रे शेजारी बसतात, पण आधी रिकामे ठेवून बघा. चारही एकदम घातलेत तर झाकलेला वेळ ५ मिनिटांनी वाढवा आणि अर्ध्यावर फळ्या बदला; शाकाहारी ट्रे मात्र वरच राहू द्या. लवकर व्हावं म्हणून ‘ब्रॉइल’ (ओव्हनची फक्त वरून येणारी प्रखर आच) लावू नका. तीळ ४० सेकंदांत काळे होतात आणि स्मोक अलार्म इमारतीला जागं करतो.

मधल्या पावात थर्मामीटर टोचून खिमा १६५ डिग्री फॅरनहाइट दाखवतो का ते बघा. मुळात शिजवताना बीफ १६० आणि टर्की-चिकन १६५ पर्यंत गेलेलं असायला हवं; फ्रीजमधून काढून पुन्हा गरम केलेला खिमा कोणताही असो, १६५. बाहेर काढून ५ मिनिटं थांबा, चीज जरा धरतं, मग पावांच्या मूळच्या खाचांतून सुरी घाला. पहिला स्लायडर काढायला त्रास होतो. कोपऱ्यातून सुरुवात करा आणि चपटं उलथनं पार तळापर्यंत घाला.

१०. आदल्या दिवशी काय, त्या दिवशी काय

आदल्या दिवशी खिमा पूर्ण करून ठेवा. गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका. मध्यभाग तासन् तास कोमट राहतो आणि तिथेच खराबी सुरू होते. पसरट डब्यांत २ इंचांपेक्षा कमी थर करून ठेवा. असा खिमा फ्रीजमध्ये ३-४ दिवस राहतो, आणि झिप बॅगेत सपाट करून फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. चीज मोजून, पाकिटं एकत्र करून ठेवा. पाव ओट्यावरच.

दुपारी १ ला जेवण असेल तर ११:१५ ला खिमा गरम करायला ठेवा आणि पाव कापा. फ्रीजमध्ये राहिल्यावर तो घट्ट झालेला दिसेल. पाणी घालू नका, तापल्यावर सैल होतो. ११:५० ला ओव्हन लावा, १२:१० ला खालच्या लाद्या शेका, १२:२० ला भरा, १२:३० ला चारही ट्रे आत. एक वाजायला पाच मिनिटं असताना बाहेर.

११. दुसरीकडे न्यायचं असेल तर

जागेवर ओव्हन आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि ‘किचन आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. भाड्याच्या हॉलमध्ये किचन म्हणजे कधीकधी सिंक आणि फ्रीज एवढंच असतं. ओव्हन असेल तर गरम खिमा स्लो कुकरमध्ये, पाव आणि चीज वेगळं न्या आणि तिथे भरा.

ओव्हन नसेल तर घरी भाजून फॉइलने सैलसर झाका, ट्रे जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि रिकाम्या कूलरमध्ये ठेवा. बर्फाचा कूलर उष्णताही तितकीच धरतो. तासभर चांगला जातो. घट्ट झाकलंत तर वाफेचं पाणी फॉइलवरून थेंब थेंब पावावर पडतं. याच कारणाने खाली पाणी आणि स्टर्नो (डब्यातलं जळण) लावलेले चेफिंग ट्रे या पदार्थाला बरे नाहीत. त्यापेक्षा खिमा स्लो कुकरमध्ये ‘वॉर्म’वर, १४० डिग्रीच्या वर ठेवा, शेजारी शेकलेले पाव आणि चीज, आणि लोकांना स्वतः भरू द्या. बेक्डची मजा गेली, पण पाव शाबूत राहतो. दुपारभर चालणाऱ्या सामन्याच्या पार्टीला हाच मार्ग बरा.

मुलांच्या शाळेत न्यायचं असेल तर शिक्षकांना आधी लिहून विचारा. अनेक शाळा घरी केलेला पदार्थ घेतच नाहीत, यादी छापलेलं दुकानातलं पाकीट मागतात. बाकी ठिकाणी ट्रेसमोर चिठ्ठी लावा: कोणतं मांस, गहू, दूध, अंडं, तीळ. तिळाची अॅलर्जी असणारे भेटतात, म्हणून एक ट्रे बिनतिळाचा ठेवा. शाकाहारी ट्रेच्या चिठ्ठीवर अंडं आहे की नाही हे वेगळं लिहा, तो प्रश्न येणारच.

बाहेर काढल्यापासून २ तासांत संपलं पाहिजे किंवा फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. ४ जुलैच्या उन्हात पारा ९० डिग्री फॅरनहाइटच्या वर असेल तर १ तासात. उरलेले दुसऱ्या दिवशी ३२५ डिग्रीवर फॉइलमध्ये १५ मिनिटं, किंवा एअर फ्रायरमध्ये ४-५ मिनिटं गरम करा, आतून वाफाळेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये पाव चामट होतो.